एका मोबाइलवर चालणारा वर्ग

जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांमध्ये प्रत्येक मुलाच्या हाती टॅब असणे ही आजही दूरची गोष्ट आहे. प्रत्यक्षात असतो तो शिक्षकाचा स्वतःचा मोबाइल, कधी लोकवर्गणीतून आलेला टीव्ही किंवा प्रोजेक्टर, आणि दुपारपर्यंत टिकेल की नाही याचा भरवसा नसलेली वीज. हे मार्गदर्शन अशाच वर्गासाठी, मुख्यतः पाचवी ते आठवीला शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी आहे. कोणते अ‍ॅप चांगले, हा प्रश्न येथे मुद्दाम मागे ठेवला आहे. आधी ठरवायचे ते हे की, आपली मुले एखाद्या घटकात नेमकी कोठे अडतात आणि ती अडचण फळा, खडू व वही यांनी सुटत नाही का. सुटत नाही असे उत्तर मिळाले, तरच मोबाइल खिशातून बाहेर काढावा.

सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी साधन आपल्या मोबाइलमध्ये आधीपासूनच असते, ते म्हणजे ध्वनिमुद्रक. त्याला इंटरनेट लागत नाही, खाते उघडावे लागत नाही. मुलाला त्याच्या पातळीचा, पूर्वी न वाचलेला उतारा द्यावा, एक मिनिट मोठ्याने वाचू द्यावे आणि ते वाचन ध्वनिमुद्रित करावे. त्या मिनिटात अचूक वाचलेले शब्द मोजून वहीत तारखेसह नोंदवावेत. नंतर त्याच मुलाला त्याचे वाचन ऐकवावे व पुस्तकात बोट ठेवून सोबत यायला सांगावे. जोडाक्षर आले की आपण थबकतो, किंवा विरामचिन्ह ओलांडून पुढे पळतो, हे शिक्षकाने सांगण्याआधीच त्याच्या कानाला कळते. महिन्यातून एकदा असे मुद्रण केले, तर सत्राच्या शेवटी पहिले व शेवटचे मुद्रण सलग ऐकवता येते. पालकसभेत गुणपत्रकापेक्षा या दोन मिनिटांचा परिणाम अधिक होतो. हे काम मात्र साऱ्या वर्गादेखत करू नये. अडखळत वाचणाऱ्या मुलाला व्हरांड्यात, एकट्यानेच वाचू द्यावे.

दुसरी अडचण प्रत्येक शिक्षकाच्या ओळखीची आहे. ‘समजले का?’ असे विचारले की वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो आणि वही तपासताना त्या ‘हो’चा अर्थ कळतो. यासाठी प्लिकर्स हे साधन उत्तम आहे, कारण त्यात मुलांना कोणतेही उपकरण लागत नाही. त्यांच्या हाती असते ते केवळ कागदी कार्ड. संकेतस्थळावर खाते उघडून वर्ग तयार करावा, मुलांचे हजेरी क्रमांक भरावेत व कार्डे छापून घ्यावीत. नेहमीचा संच ४० कार्डांचा आहे आणि मोठ्या पटासाठी ६३ कार्डांचाही मिळतो. प्रत्येक कार्डावरील आकृती वेगळी असते आणि तिच्या चार बाजूंना ए, बी, सी, डी ही अक्षरे अगदी बारीक छापलेली असतात. जे उत्तर द्यायचे ते अक्षर वर येईल असे कार्ड फिरवून मुलाने धरायचे, शिक्षकाने मोबाइलवर प्लिकर्सचे अ‍ॅप उघडून कॅमेरा वर्गावरून सावकाश फिरवायचा, की कोणी काय उत्तर दिले ते पडद्यावर उमटते. शेजाऱ्याचे कार्ड पाहून उपयोग नसतो, कारण आकृत्या जुळत नाहीत. कार्डे जाड कागदावर छापावीत. चकचकीत लॅमिनेशन केले तर त्यावर उजेड चमकतो आणि कॅमेऱ्याला आकृती वाचता येत नाही. प्रश्न फळ्यावर लिहिला तरी चालतो, त्यामुळे टीव्ही नसला तरी अडत नाही. मोबाइलचा डेटा मात्र सुरू ठेवावा लागतो.

यातील खरे कौशल्य प्रश्न रचण्यात आहे. उदाहरणार्थ, ३.४ + २.१५ = किती? पहिला पर्याय ५.५५ हा बरोबर. दुसरा ५.१९: हे उत्तर निवडणारा मुलगा ४ आणि १५ यांची बेरीज करून १९ लिहितो, म्हणजे दशांश चिन्हानंतरचा भाग त्याला वेगळी पूर्ण संख्या वाटतो. तिसरा २.४९: या मुलाने संख्या उजवीकडून एकाखाली एक मांडल्या, दशांश चिन्ह जुळवले नाही आणि शेवटी अंदाजाने दिले. चौथा पर्याय ‘मला अजून येत नाही’ हा ठेवावा. तो निवडणाऱ्याला कधीही रागावू नये, नाहीतर पुढच्या वेळी तो पर्याय कोणी निवडणार नाही. अशा रचनेत चुकीचे प्रत्येक उत्तर उद्याच्या तासाला कोणाला काय शिकवायचे ते सांगते. मनाला येतील ते तीन चुकीचे आकडे घातले, तर केवळ गुण मिळतात, निदान होत नाही.

उत्तरे आल्यावर लगेच बरोबर उत्तर सांगण्याचा मोह आवरावा. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मॅझर यांनी १९९० च्या दशकात रूढ केलेली पद्धत येथे उपयोगी पडते. साधारण ३० ते ७० टक्के मुलांचे उत्तर बरोबर असेल, तर मुलांना शेजाऱ्याशी दोन मिनिटे वाद घालू द्यावा आणि पुन्हा कार्डे वर करायला सांगावीत. त्याहून कमी बरोबर असतील तर घटक पुन्हा शिकवावा. जास्त असतील तर थोडक्यात खुलासा करून पुढे जावे. एका तासाला असे दोन-तीन प्रश्न पुरेत.

दृश्य साधनांकडे वळण्यापूर्वी जोडणीविषयी थोडे. सगळ्याच मोबाइलच्या टाइप-सी जोडणीतून टीव्हीवर चित्र जात नाही, म्हणून केबल विकत घेण्यापूर्वी आपल्या मोबाइलवर ती चालते का ते दुकानातच पाहावे. टीव्हीला जोडण्याआधी मोबाइल ‘व्यत्यय नको’ या स्थितीवर ठेवावा, अन्यथा नातेवाइकांचे संदेश भूगोलाच्या नकाशावर झळकतात.

बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात विनामूल्य मिळतात. नकाशा किंवा आकृती मोठी करून दाखवायला तेवढे पुरते. पुस्तकातील क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपने उघडता येतात. दीक्षा हे शालेय साहित्याचे सरकारी व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले. पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी केला होता, आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले त्यामागे हे काम होते. वर्गासमोर उभे राहून कोड स्कॅन करणे मात्र टाळावे. साहित्य आदल्या दिवशी अ‍ॅपमध्ये उतरवून घ्यावे, चित्रफीत स्वतः पूर्ण पाहावी आणि तिच्यातील कामाचा भाग कोणत्या मिनिटाला सुरू होतो ते टिपून ठेवावे. बारा मिनिटांच्या चित्रफितीतील तीन मिनिटे दाखवून थांबणे आणि ‘आता पुढे काय होईल?’ असे विचारणे, हे ती सलग लावून मागे हजेरीपत्रक भरण्यापेक्षा कितीतरी बरे.

विज्ञानासाठी कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील फेट प्रकल्पाची प्रतिरूपे (सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे प्रयोग) वापरावीत. नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये तो सुरू केला. अनेक प्रतिरूपे मराठीतही आहेत आणि ती उतरवून घेतल्यास संगणकावर इंटरनेटशिवाय चालतात. येथे एक पथ्य आहे: जे हाताने करता येते ते आधी हाताने करावे. सेल, तार आणि टॉर्चचा बल्ब यांचा परिपथ मुलांनी खरोखर जोडावा, बल्ब का लागत नाही म्हणून झटापट करावी. त्यानंतर प्रतिरूपात तोच परिपथ मांडावा, कारण तारेतून सरकणारे इलेक्ट्रॉन खऱ्या तारेत दिसत नाहीत, येथे दिसतात. बॅटरीची दोन टोके नुसत्या तारेने जोडली की प्रतिरूपात बॅटरी पेट घेते. मुले हे पुन्हा पुन्हा करून पाहतात आणि करू द्यावे, कारण लघुपरिपथाचा (शॉर्ट सर्किटचा) हा धडा येथे सुरक्षितपणे मिळतो. प्रत्येक बदलापूर्वी मुलांकडून अंदाज वहीत लिहून घ्यावा. दुसरा बल्ब एकसर जोडला तर पहिला तेजस्वी होईल, मंद होईल, की तसाच राहील? अंदाज लिहिलेले मूल पडदा निराळ्या नजरेने पाहते.

भूमितीसाठी जिओजेब्रा हे आकृत्या काढून हलवून पाहण्याचे अ‍ॅप पुरेसे आहे. ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग येथे मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ते तयार करायला घेतले. त्रिकोण काढून तिन्ही कोनांची मापे दाखवावीत आणि एका मुलाला शिरोबिंदू ओढायला सांगावे. मधूनच मापांची बेरीज १७९.९९ अंश येते. ती यंत्राची चूक म्हणून झटकू नये, दोन दशांश स्थळांपर्यंत मापे पूर्णांकित केल्याने असे का होते हे मुलांनाच शोधू द्यावे.

गृहपाठ मोबाइलवर देताना एक गोष्ट लक्षात ठेवावी की, घरातील एकमेव मोबाइल बहुधा वडिलांबरोबर शेतावर किंवा कामावर गेलेला असतो आणि रात्री परततो तेव्हा मूल झोपेला आलेले असते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले काम वर्गात फळ्यावरही लिहावे, आणि मोबाइलशिवाय ते पूर्ण करता आले पाहिजे.

शेवटी माहितीच्या सुरक्षिततेविषयी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानली आहे आणि बालकाची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या पडताळण्याजोग्या संमतीची तरतूद आहे. शक्य तेथे अ‍ॅपमध्ये मुलांची पूर्ण नावे न भरता हजेरी क्रमांक भरावेत, जन्मतारीख किंवा आधार क्रमांक कोठेही देऊ नये, आणि मुलांचे फोटो स्वतःच्या स्टेटसवर लावू नयेत. वाचनाची ध्वनिमुद्रणे करण्यापूर्वी पालकसभेत त्यांचा हेतू सांगून लेखी संमती घ्यावी, आणि वर्ष संपल्यावर हवी असतील त्या पालकांना ती देऊन आपल्या मोबाइलमधून पुसून टाकावीत.