जुनी मोटारसायकल सुरू होत नाही तेव्हा : घरच्या अंगणात बिघाड शोधण्याची रीत

बेळगावकडच्या खानापूर, चिकोडी, निपाणीच्या खेड्यांतून पहाटे दुधाच्या किटल्या लावून निघणाऱ्या मोटारसायकली पाहिल्या, तर त्यांपैकी कितीतरी पंधरा-वीस वर्षांच्या जुन्या असतात. १९८५ मध्ये आलेली सीडी १००, त्याच वर्षीची आरएक्स १०० किंवा १९९४ मध्ये आलेली स्प्लेंडर आजही बांधावरच्या रस्त्याने उसाच्या ट्रॉल्यांना वाट देत धावताना दिसते. या गाड्यांमध्ये संगणक नाही, सेन्सर नाहीत. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा कार्बोरेटर, ठिणगी पाडणारा प्लग, दोन-तीन केबली आणि एक चेन एवढ्यावर त्यांचा सारा संसार चालतो. त्यामुळे त्यांचे बहुतेक दुखणे इंजिनच्या बाहेरच असते, आणि ते शोधण्यासाठी महागड्या हत्यारांपेक्षा क्रम पाळण्याची सवय अधिक उपयोगी पडते. २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे नवे निकष पाळणाऱ्या) गाड्यांत सहसा इंधन इंजेक्शन असते, म्हणून कार्बोरेटरविषयी पुढे जे सांगितले आहे ते त्यांना लागू होत नाही.

हत्यारे थोडीच लागतात : प्लगचा पाना, ८ ते १७ मिलिमीटरपर्यंतचे रिंग पाने, चपटा आणि फुलीचा स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड, फिलर गेज (बारीक फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या), एक पारदर्शक बाटली आणि जुने सुती फडके. गाडी मोकळ्या अंगणात मधल्या स्टँडवर उभी करावी. पाऊस असला म्हणून सोप्यात गाडी घेऊन, शेजारी चूल किंवा देवापुढचा दिवा तेवत असताना पेट्रोलची नळी सोडणे हा जिवावरचा खेळ आहे. तो कधीही करू नये.

आता क्रम. गाडी किक मारूनही सुरू होत नसेल, तर आधी इंजिन बंद करण्याचे बटण (असल्यास), पेट्रोलचा कॉक आणि चोक यांकडे पाहावे. हे सांगताना संकोच वाटतो, पण नातवाने खेळता खेळता बटण बंद केलेले असते आणि आजोबा वीस किका मारून दमलेले असतात, असे मी एकापेक्षा जास्त घरी पाहिले आहे. त्यानंतर पेट्रोल, ठिणगी, हवा आणि दाब (सिलिंडरमधील कॉम्प्रेशन) या चार गोष्टी याच क्रमाने तपासाव्यात, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्लग, फिल्टर आणि जेट (कार्बोरेटरमधील पेट्रोलचे बारीक छिद्र असलेला भाग) एकाच दुपारी बदलले की गाडी सुरू होते खरी, पण मूळ दुखणे कोणते होते ते कायमचे गुलदस्त्यात राहते.

पेट्रोल येते का, हे पाहण्यासाठी कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढून बाटलीत धरावी आणि कॉक उघडावा. धार अखंड पडली पाहिजे. थेंब थेंब पडत असेल तर कॉकमधील जाळी गाळाने भरलेली असते. धार सुरुवातीला चांगली पडून हळूहळू बारीक होत असेल, तर टाकीचे झाकण उघडून पुन्हा पाहावे. या झाकणात टाकीत हवा जाण्यासाठी सुईच्या टोकाएवढे छिद्र असते, आणि ते बुजले की उतरलेल्या पेट्रोलच्या जागी हवा येत नाही, टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल खाली उतरायचे थांबते.

ही गोष्ट मी चांगलीच किंमत देऊन शिकलो. एका पावसाळ्यात जांबोटीहून परत येताना आमची जुनी १०० सीसी गाडी दर चार-पाच किलोमीटरला गपकन बंद पडू लागली. दहा मिनिटे थांबले की ती मुकाट्याने सुरू होई. घरी आल्यावर मी कार्बोरेटर दोनदा उघडला आणि नवा प्लग बसवला, तरी दुखणे तसेच. तिसऱ्या दिवशी आप्पांनी काही न बोलता टाकीचे झाकण उघडले आणि आतून ‘फुस्स’ असा आवाज झाला. झाकण उलटे करून पाहिले, तर छिद्रात कुंभारीण माशीने लाल मातीचे इवलेसे घरटे लिंपून ठेवले होते. केबलीतील तांब्याची एक बारीक तार फिरवून ते मोकळे केले आणि गाडी पुन्हा कधी त्या कारणाने थांबली नाही. तेव्हापासून, चालता चालता बंद पडणारी आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होणारी गाडी माझ्याकडे आली की मी सर्वप्रथम झाकण उघडून कान लावतो.

पेट्रोल उतरते, पण गाडी घेत नाही, अशा वेळी कार्बोरेटरच्या तळाशी असलेल्या वाटीचा निचरा-स्क्रू सैल करून आतले पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्यावे आणि पाच मिनिटे ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला किंवा थेंब लोळू लागले, तर पाणी आले आहे असे समजावे. आपल्याकडे पश्चिम खानापुरात पाऊस महिनोन्‌महिने हटत नाही आणि गाडी अर्ध्या टाकीने पडवीत उभी राहते, त्यामुळे टाकीच्या आतल्या रिकाम्या भागात दमट हवेचे पाणी होऊन गंजही धरतो. त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते, जे याच जिल्ह्यांतल्या उसाच्या मळीपासूनही तयार होते, आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. पाण्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतात. जुन्या गाडीतील रबरी नळ्या आणि वॉशर असे इंधन सोसण्यासाठी बनवलेले नव्हते. नळी फुगलेली, चिकट किंवा तडा गेलेली दिसली तर ती न दुरुस्त करता बदलावी. गाडी महिनाभर उभी ठेवायची असल्यास कॉक बंद करून कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ठेवावी.

कार्बोरेटर उघडावाच लागला, तर हवेच्या मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने आत फिरवून किती फेरे होतात ते मोजून कागदावर लिहावे, म्हणजे पुन्हा तेथेच आणता येतो. हा स्क्रू तळाशी टेकल्यावर जोर लावला तर त्याचे टोक चेपते आणि मग गाडी उभी असताना इंजिन कधीच एकसारखे चालू राहत नाही. जेटच्या छिद्रात पोलादी सुई किंवा टाचणी घालू नये. छिद्र किंचित मोठे झाले तरी पेट्रोलचा खप वाढतो. ते फुंकून किंवा तांब्याच्या मऊ तारेने मोकळे करावे.

ठिणगी पाहण्यासाठी प्लग काढून त्याच्या टोपीत परत बसवावा, त्याचा धातूचा भाग सिलिंडर-हेडला टेकवून ठेवावा, चावी चालू करून किक मारावी. ठिणगी निळसर आणि टणक दिसली पाहिजे. उन्हात ती दिसत नाही, म्हणून सावलीत पाहावे. प्लग हातात धरू नये, आणि प्लगच्या उघड्या भोकापासून तो दूर ठेवावा, कारण किकेबरोबर तेथून पेट्रोलची वाफ बाहेर पडते. ठिणगी पिवळी व मरगळलेली असेल, तर आधी प्लगची टोपी आणि वायर कोरडी करून पाहावी. चोर्ल्याच्या घाटातून पावसात आलेल्या गाडीत निम्म्या वेळा एवढेच असते. त्यानंतर नवा प्लग लावून पाहावा, आणि मगच कॉइल किंवा सीडीआयकडे (ठिणगीची वेळ साधणाऱ्या विजेच्या डबीकडे) वळावे. प्लगमधील फट पुष्कळ १०० सीसी गाड्यांत ०.६ ते ०.७ मिलिमीटर असते.

काढलेला प्लग फेकण्याआधी त्याचे तोंड नीट पाहावे, कारण इंजिनच्या आत काय चालले आहे ते तोच सांगतो. दुधाच्या चहासारखा तपकिरी रंग निरोगी असतो. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी : चोक अडकला असेल किंवा एअर फिल्टर धुळीने भरला असेल. ऊसतोडणीच्या दिवसांत मळ्यांच्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर सर्व्हिसच्या तारखेची वाट न पाहता महिन्याला झटकावा. पांढराफटक प्लग मिश्रण पातळ असल्याचे किंवा इंजिन तापत असल्याचे सांगतो. प्लग ओला असेल, तर पेट्रोल ओव्हर झाले आहे. कॉक बंद करून, चावी बंद ठेवून, प्लग बाहेर असतानाच अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडून आठ-दहा किका माराव्यात. काळा आणि तेलकट प्लग चार-स्ट्रोक गाडीत रिंग किंवा वाल्व्ह-सील झिजल्याची खूण असतो. आरएक्स १०० मात्र दोन-स्ट्रोक असून तेल जाळतेच, त्यामुळे तिच्या सायलेन्सरमधून सकाळी निघणाऱ्या निळ्या धुराने घाबरण्याचे कारण नाही.

पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही ठीक असूनही किक पोकळ लागत असेल, तर दाब कमी आहे. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा किक मारावी : दाब वाढला तर रिंग झिजल्या आहेत, न वाढल्यास वाल्व्ह किंवा टॅपेटकडे (वाल्व्ह दाबणाऱ्या भागाच्या फटीकडे) संशय जातो. टॅपेट इंजिन पूर्ण थंड असतानाच तपासावा. पूर्वीच्या हिरो होंडाच्या १०० सीसी इंजिनांत ही फट ०.०५ मिलिमीटर असते. इतर गाड्यांसाठी पुस्तिका पाहावी. टॅपेटची टकटक ऐकून तो घट्ट करणारे हौशी हात मी बरेच पाहिले आहेत. थोडी टकटक सोसवते, पण घट्ट टॅपेटने वाल्व्ह जळतो.

चालण्यातील तक्रारी शोधणे सोपे आहे. इंजिन ओरडते पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतो आहे. प्लेटा बदलण्याआधी लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल आहे का ते पाहावे, कारण केबल ताणलेली असली तरी हेच लक्षण दिसते. चेन खालच्या बाजूला मधोमध साधारण २५ मिलिमीटर हलली पाहिजे, आणि चाक फिरवून जेथे ती सर्वांत घट्ट वाटेल तेथेच मोजावी. चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवाव्यात. चेनच्या लॉकची क्लिप बसवताना तिचे बंद तोंड चेन पुढे जाते त्या दिशेला असावे. उलट बसवलेली क्लिप रस्त्यातच सुटते. ब्रेकच्या ड्रममधील भुकटी तोंडाने फुंकू नये, कारण जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसावी.

इंजिनच्या पोटातून येणारी ठोके मारल्यासारखी धडधड, गिअर आपोआप सुटणे किंवा चार-स्ट्रोक गाडीतून सतत निघणारा निळा धूर दिसला, की हत्यारे खाली ठेवावीत. ते काम खोलण्याचे आणि मापण्याचे आहे. गाडी गॅरेजला नेताना मात्र एक चिठ्ठी सोबत द्यावी : बिघाड गार इंजिनावर होतो की गरम, किती किलोमीटरनंतर, चढावर की सपाटीवर, आणि घरी काय काय तपासून झाले. चिठ्ठी मराठीत लिहिली की कन्नडमध्ये, याने फारसा फरक पडत नाही. आपल्याकडच्या मिस्त्रींना दोन्ही येतात, आणि प्लग, चोक, टॅपेट हे शब्द तर दोन्हीकडे तेच आहेत.