वीज गेल्यावरचा ऑक्सिजन आणि इन्शुलिन: वस्तीची सौर खोली कशी उभारावी

२० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया चक्रीवादळ कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटावर आदळलं. मृतांचा अधिकृत आकडा कित्येक महिने ६४ होता. पुढच्या वर्षी जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासानंतर सरकारने २,९७५ हा आकडा स्वीकारला. यातल्या बहुतेकांचा जीव वाऱ्याने घेतलेला नव्हता. वीज, औषधं आणि उपचार यांचा खंड पडला, आणि त्याचा सर्वाधिक भार वृद्धांवर आला. सगळीकडे वीज परत यायला जवळपास ११ महिने लागले. त्या काळात आदहुंतास गावातल्या कासा प्वेब्लो या संस्थेच्या छतावरची सौर वीज चालू होती आणि लोक श्वसनाची यंत्रं घेऊन तिथे येत होते. वीज गेल्यावरही सौर विजेवर यंत्रं चालतील अशी खोली आपल्या वस्तीत हवी असेल, तर ती संकटाच्या आधी तयार असावी लागते.

यादी आधी, पॅनेल नंतर

बहुतेक ठिकाणी आधी छत मोजतात, मग त्यावर मावतील तेवढी पॅनेल घेतात. हा क्रम उलटा आहे. आधी घरोघर जाऊन वही भरा: कोणाकडे कोणतं यंत्र आहे, ते दिवसातून किती तास लागतं, ऑक्सिजन मिनिटाला किती लिटर, इन्शुलिन कोणतं, राखीव सिलिंडर आहे का, माणूस कितव्या मजल्यावर राहतो आणि त्याला खोलीपर्यंत कोण आणणार. यंत्रावरच्या पट्टीवर छापलेले वॅट बऱ्याचदा कमाल असतात, म्हणून प्लगमध्ये लावायच्या वीजमापकाने तासभर प्रत्यक्ष मोजा. वही कागदाचीच ठेवा, ती दोघांच्याच ताब्यात असू द्या. आजाराची माहिती चारचौघांत फिरायला नको.

आकड्यांचा अंदाज असा. मिनिटाला ५ लिटर देणारा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र, सुमारे ३०० ते ३५० वॅट घेतो. चोवीस तास चालवला तर ७ ते ८ युनिट. बाकी सगळी उपकरणं मिळूनही इतकी वीज खात नाहीत. झोपेतल्या श्वासाचं सीपॅप यंत्र ३० ते ६० वॅट घेतं, पण त्याची पाणी तापवणारी टाकी चालू ठेवली तर दुप्पट. ही टाकी बंद ठेवायची सवय आधीच लावा.

समजा एका दिवसाची मागणी अशी आहे: एक कॉन्सन्ट्रेटर दिवसा १० तास, ३ युनिट, चार सीपॅप रात्री आठ-आठ तास, १.२८, औषधांचा छोटा फ्रिज ०.६, नेब्युलायझरचे (औषधाची वाफ श्वासातून देणारं यंत्र) पंधरा-पंधरा मिनिटांचे बारा डोस, ०.३६, वीस फोन, ०.३, दिवे-पंखा, ०.५. आणि एक गोष्ट जवळपास सगळे विसरतात: इन्व्हर्टर नुसता चालू असला तरी ४० वॅटच्या आसपास खातो, म्हणजे दिवसाला ०.९६ युनिट. एकूण ७ युनिट.

तारा, उष्णता आणि इन्व्हर्टर यांत पाव भाग वीज जाते. वादळानंतर आभाळ लगेच मोकळं होत नाही, म्हणून हिशेब चार तासांच्या पूर्ण उन्हावर करू नका, दोन तासांवर करा. ७ भागिले ०.७५ भागिले २, म्हणजे साधारण ४.७ किलोवॅट. ५४० वॅटची नऊ पॅनेल पुरतात. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, ५१.२ व्होल्ट १०० अँपिअर-तासाच्या दोन, मिळून सुमारे १० युनिट. शिसे-आम्ल बॅटरी घेतली तर क्षमता दुपटीच्या जवळ लागते, कारण ती निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते.

इथे चुकतं

सर्वांत मोठी फसगत इन्व्हर्टरची. साधा ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांना, जोडलेला इन्व्हर्टर बाहेरची वीज गेली की सुरक्षेसाठी आपणहून बंद होतो. भर उन्हात पॅनेल लखलखत असतात आणि खोलीत अंधार. बॅटरीवर स्वतंत्र चालणारा हायब्रिड इन्व्हर्टरच हवा, आणि तो शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लाट देणारा. चौकोनी लाटेवर कॉम्प्रेसर तापतात, घरघरतात, बंद पडतात. सुरू होताना कॉम्प्रेसर क्षणभर कित्येक पट वीज ओढतो, म्हणून ३ किलोवॅटपेक्षा लहान इन्व्हर्टर घेऊ नका आणि दोन यंत्रं एकाच क्षणी चालू करू नका.

बॅटरी प्रणाली ४८ व्होल्टची ठेवा. ३ किलोवॅटला १२ व्होल्टवर २५० अँपिअर वाहतात, ४८ वर सुमारे ६३; तार आणि सांधे त्यानुसारच तापतात. बॅटरीच्या अगदी जवळ डीसी फ्यूज बसवा. बॅटरी व इन्व्हर्टर पुराच्या जुन्या पातळीच्या बऱ्याच वर आणि ऑक्सिजन वापरतात त्या खोलीपासून वेगळे. तुटलेलं पॅनेलही उन्हात वीज देतं, त्याला उघड्या हातांनी हात लावू नका. पाण्यात बुडालेली बॅटरी वाळवून पुन्हा जोडायची नाही.

कमी पडलं तर आधी काय बंद करायचं

दाट आभाळाच्या दिवशी पॅनेल नेहमीच्या पाचव्या हिश्शाएवढीच वीज देतात. वरच्या मांडणीत ती जेमतेम ३ युनिट होते. तेव्हा कोणाचं यंत्र थांबवायचं हा वाद त्या क्षणी दारात घालणं क्रूर आहे. क्रम आधीच, डॉक्टरांना विचारून, कागदावर लिहून भिंतीवर लावा. फोन आणि पंखा पहिल्यांदा थांबतात. मग कॉन्सन्ट्रेटर बंद करून सिलिंडर: १,५०० लिटरचा सिलिंडर मिनिटाला २ लिटर वेगाने साडेबारा तास चालतो. ऑक्सिजनचा वेग मनाने कमी करू नका. सीपॅपशिवाय एखादी रात्र निभावेल का, हे प्रत्येकाच्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. बायपॅपवर, म्हणजे श्वास घ्यायला-सोडायला मदत करणाऱ्या यंत्रावर, जगणाऱ्या माणसाला हा पर्याय नसतो.

कॉन्सन्ट्रेटर भिंतीपासून हातभर दूर ठेवा. नळी १५ मीटरपेक्षा लांब जोडू नका. पुरानंतर धूळ-चिखल उडतो, म्हणून हवेची जाळी रोज धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. आसपास विडी-सिगारेट किंवा मेणबत्ती नको. जनरेटर आणावाच लागला तर दार-खिडक्यांपासून किमान ६ मीटर लांब, उघड्यावर; कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

न उघडलेलं इन्शुलिन २ ते ८ अंशांत. फ्रिजमध्ये कमाल-किमान तापमान नोंदणारा थर्मामीटर ठेवा, कारण गोठलेलं इन्शुलिन दिसायला ठीक असलं तरी टाकून द्यावं लागतं. बर्फाच्या कप्प्याला कुपी टेकू देऊ नका. उघडलेली कुपी ३० अंशांखाली बहुधा २८ दिवस टिकते, प्रकारानुसार फरक असतो, पत्रक वाचा. म्हणजे फ्रिज फक्त राखीव साठ्याला पुरवा. ओलं मडकं कोरड्या हवेतच थंडावा देतं, दमट हवेत त्यावर भिस्त ठेवू नका. पुराचं पाणी लागलेलं औषध फेकून द्या.

डायलिसिस या खोलीत होणार नाही. एका वेळेला १०० लिटरहून जास्त शुद्ध केलेलं पाणी लागतं. त्या रुग्णांसाठी वाहन, दुसऱ्या केंद्राचा पत्ता आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला कमी पाणी, कमी पोटॅशियमचा आहार यादीत असू द्या. बाकी प्रत्येकाकडे किमान १४ दिवसांच्या गोळ्या आणि औषधांची नावं-मात्रा लिहिलेला प्लास्टिकमधला कागद हवा.

महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करून चार तास सगळं खरोखर चालवा, वहीतली माणसं बोलावून. सैल सांधा, संपलेला सिलिंडर, हरवलेली किल्ली तेव्हाच सापडते. त्याच दिवशी वही पुन्हा भरा. चार आठवड्यांत कोणाचा ऑक्सिजन वाढलेला असतो, कोणी नव्याने इन्शुलिन सुरू केलेलं असतं.