अंध मंडळींसोबत मलिदा: आधी काय काय करून ठेवायचं

बेने इस्रायली समाजाचा, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचा, एखादा कार्यक्रम, समजा गोड पोह्यांच्या ताटाचा मलिदा, अंध किंवा अंधुक दिसणाऱ्या माणसांना सोयीचा करायचा ठरला, की आयोजक पहिल्यांदा धावतात ते वर्णन करून सांगणारा कुणी मिळतो का हे बघायला. तो लागतोच, पण माझ्या यादीत त्याचा नंबर बराच खाली आहे. सगळ्यात वर प्रश्न येतो तो हा, की आलेल्यांपैकी कोण काय म्हणणार आणि कोण काय वाढणार. ताल्मूद या ज्यू धर्मग्रंथात एके ठिकाणी वाद आहे, अंध माणसाने पेसाख सणाच्या रात्री हगादा, म्हणजे इजिप्तमधून सुटकेची कथा, म्हणायची की नाही. त्यावर कुणीतरी विचारतं, राव योसेफच्या घरी कोण म्हणतं? उत्तर येतं, राव योसेफच म्हणतात. राव शेशेतच्या घरी? तेही स्वतःच. दोघेही अंध होते आणि दोघेही मोठे विद्वान. तेव्हा निमंत्रणं जाण्याआधीच दोन-तीन बेराखा (आशीर्वचनं), एखादं गाणं आणि ताट फिरवायचं काम अंध मंडळींच्या नावावर लिहून टाका. बाकीची तयारी मग आपोआप त्याच मापाने होते.

ही यादी मी अलिबागचा एक दिवस धरून केली आहे: सकाळी मागेन आबोथ सिनेगॉग, दुपारी मलिदा, मग कीर्तन. पुण्यात किंवा ठाण्यात करणार असाल तर गाडीचा भाग गाळा, बाकी तेच.

आधी वार ठरवा. शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून ज्या समाजाला कोकणात शनिवार तेली म्हणायचे, त्याच्या कार्यक्रमाला शनिवार धरू नये हे सांगायला नको, पण इथे आणखी एक कारण आहे. शब्बाथला, म्हणजे शनिवारी, सिनेगॉगमध्ये फोन, रेकॉर्डर, माइक सगळं बंद. ज्यांचं वाचन फोनवरच्या आवाजावर चालतं, त्यांच्या हातात त्या दिवशी काहीच उरत नाही. कुणाला शब्बाथच्या प्रार्थनेलाच यायचं असेल तर त्यांच्यासाठी ब्रेल प्रत हाच मार्ग, कारण तिला वीज लागत नाही. तू बिश्वात या झाडांच्या सणाला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, अलिबागकडच्या खंडाळे गावाजवळ एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे एलिया संदेष्ट्याचा, उरूस असतो. वातावरण फार छान, पण गर्दीत पांढरी काठी कुणाला दिसत नाही. पहिल्यांदाच करत असाल तर उरसाच्या मागेपुढे एखादा साधा रविवार घ्या. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, हेही धरा.

ब्रेलचं काम निदान दोन महिने आधी काढा. एका छापील पानाची ब्रेलमध्ये दोन-तीन पानं होतात, म्हणून सगळं पुस्तक करत बसू नका. त्या दिवशी जेवढं म्हटलं जाणार तेवढंच काढा. हिब्रू प्रार्थना देवनागरीत लिहून म्हणायची सवय समाजात आहेच. तोच मजकूर भारती ब्रेलमध्ये उतरवला की मराठी ब्रेल वाचणाऱ्याला लगेच म्हणता येतो. ज्यांना हिब्रू ब्रेल येतं त्यांच्यासाठी न्यूयॉर्कच्या जेबीआय लायब्ररीकडे विचारणा करा. १९३१ पासूनची ही संस्था ब्रेल, मोठा टाइप आणि ध्वनिमुद्रित पुस्तकं मोफत पुरवते. छापील हिब्रू उजवीकडून डावीकडे जातं, हिब्रू ब्रेल मात्र डावीकडून उजवीकडे. म्हणजे एकाचं पुस्तक एका बाजूने उघडतं, दुसऱ्याचं दुसऱ्या बाजूने, आणि पानांचे आकडे कुणाचेच जुळत नाहीत. म्हणून हझानना, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांना, आधीच विनंती करून ठेवा की ‘पान अमुक’ असं न सांगता प्रार्थनेचं नाव आणि पहिले दोन शब्द म्हणावेत. छापायला टाकण्याआधी प्रत ब्रेल वाचणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. डोळस माणसाने संगणकावर तपासलेलं ब्रेल म्हणजे न चाखता वाढलेली आमटी.

सगळ्यांनाच ब्रेल येतं असं नाही. मधुमेहाने किंवा काचबिंदूने उतारवयात दृष्टी गेलेले बहुतेक जण ते शिकलेले नसतात. त्यांना गाण्यांचे आणि बेराखांचे छोटे छोटे ऑडिओ व्हॉट्सअॅपवर महिनाभर आधी पाठवा, प्रत्येक बेराखेची फाइल वेगळी आणि नावानिशी. थोडंफार दिसणाऱ्यांसाठी १८ पॉइंटपेक्षा मोठा ठळक टाइप घ्या, कागद चकाकणारा नको, आणि ओळींमध्ये भरपूर जागा सोडा, नाहीतर वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांत घुसतात.

आता ताट. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर किंवा गूळ, वेलची, सुकामेवा. सोबत फळं आणि वासासाठी फूल किंवा सुगंधी पाला. एलियाहू हन्नाबीचं गाणं होतं, बेराखा होतात आणि मग खायचं. इथे खरी मेख आहे. खजूर झाडाचं फळ, त्याची बेराखा वेगळी. केळं जमिनीच्या उत्पन्नात धरतात, त्याची वेगळी. पोह्यांची वेगळी, सुवासाची वेगळी. हझान काय उचलतात ते बघून डोळस माणूस आपल्या ताटातलं तेच उचलतो. न दिसणाऱ्याला बाजूचा कुजबुजून सांगायला जातो, आणि नेमकं बेराखा आणि घास यांच्या मध्ये बोलायचं नसतं! त्यामुळे सांगायचं ते बेराखेच्या आधी: ‘आता खजूर’, एवढे दोनच शब्द, मोठ्याने, सगळ्यांसाठी. आणि प्रत्येकाला स्वतंत्र ताटली द्या, सगळ्यांची मांडणी एकच. मी घड्याळाप्रमाणे लावते: बाराला खजूर, तीनला केळं, सहाला फूल, नऊला सफरचंद, मधे पोहे. केळं सोललेलं, खजुराची बी काढलेली, बोटं पुसायला ओला रुमाल ताटलीच्या उजवीकडे. मधुमेह कुणाला आहे ते फोनवर विचारून ठेवा आणि त्यांचे पोहे बिनगोडाचे काढा, पण मांडणी तीच. वाढायचं काम ज्यांच्याकडे दिलंय त्यांना आदल्या दिवशी त्याच खोलीत दोन फेऱ्या मारू द्या.

सिनेगॉगमध्ये काय दाखवायचं, म्हणजे हातात काय द्यायचं, हे तिथल्या विश्वस्तांशी आधी बोलून ठरवा. दारातून जाताना उजव्या चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे आत चर्मपत्र असलेल्या छोट्या डबीला, हात लावून तो ओठांना लावतात. तिथे रांग थांबवा, घाई करू नका. आपल्याकडे हेखाल, म्हणजे धर्मग्रंथाचं कपाट, पश्चिमेच्या भिंतीला, कारण यरुशलेम तिकडे. अलिबागला समुद्रही तिकडेच आहे, एवढं एक वाक्य सांगितलं की माणसाला आपण कुठे तोंड करून उभे आहोत ते कळतं. सेफेर तोराच्या, म्हणजे धर्मग्रंथाच्या गुंडाळीच्या, चर्मपत्राला उघडा हात लावत नाहीत, मग पाहुणा डोळस असो वा अंध. त्याऐवजी बाहेरची पेटी किंवा आच्छादन, वरच्या घुंगरांचा आवाज, वाचताना ओळीवर फिरवायची चांदीची दांडी आणि शोफार (फुंकायचं शिंग), हे विश्वस्त देतील तेवढं हातात द्या. एलियाहू हन्नाबीची खुर्ची कुठे आहे ते आत शिरतानाच सांगा. रिकामी खुर्ची हाताला लागली की कुणीही बसतो, तिच्यावर मात्र बसायचं नसतं. किप्पा, म्हणजे डोक्यावरची छोटी गोल टोपी, सकाळी गाडीतच वाटा. वरच्या गॅलरीत बायकांना बसवायची पद्धत असेल तर जिन्याच्या पायऱ्या मोजून ठेवा आणि बायकांसोबत बाईच सोबती द्या.

सिनेगॉगच्या बंदोबस्ताचं विसरू नका. ओळखपत्रं आणि नावांची यादी आधी द्या, घडीच्या काठ्या येणार आहेत हेही कळवा. सोबत्यांना चार गोष्टी पुरतात: आपला कोपर पुढे करायचा, हात धरून ओढायचं नाही, बोलताना आधी स्वतःचं नाव सांगायचं, निघून जाताना ‘मी जातोय’ म्हणायचं.

खंडाळ्याला एलियाहूच्या रथाच्या खुणा म्हणून खडक दाखवतात. तिथे नेणार असाल तर खडकापर्यंत हात पोहोचतो का ते आधी जाऊन बघा. नुसतं लांब उभं राहून ऐकायला एवढा प्रवास नको.

कीर्तनाला जवळजवळ काहीच करावं लागत नाही. बेने इस्रायलींमध्ये मराठी कीर्तन १८८० च्या सुमारास सुरू झालं, योसेफाची नाहीतर अब्राहामाची गोष्ट साकी-दिंडीच्या चालीत ऐकायला डोळे लागत नाहीत. फक्त माइक तपासा, पंख्याची घरघर बंद करा, आणि ध्रुवपद आधी पाठवलेल्या ऑडिओत टाका म्हणजे सगळे उचलून धरतील.

अभिप्रायाचे छापील फॉर्म वाटू नका. दोन दिवसांनी प्रत्येकाला फोन करा, विशेषतः ज्यांनी बेराखा म्हटली त्यांना, आणि पुढच्या वेळी त्यांना कुठली म्हणायची आहे ते तेव्हाच विचारून ठेवा.