दूरस्थ शिक्षणासाठी विद्यार्थ्यांना उपकरण आणि इंटरनेट कसे मिळवून द्यावे

ऑनलाइन तास सुरू करताना महाविद्यालयाचे पहिले पाऊल हमखास चुकते. ‘तुमच्याकडे इंटरनेट आहे का?’ ही विचारणा गूगल फॉर्मवर होते आणि ज्यांच्याकडे ते नाही, नेमके त्यांचेच उत्तर येत नाही.

१. फोन करून चौकशी करा. प्रत्येक शिक्षकाकडे विद्यार्थ्यांची एक लहान यादी सोपवावी. घरातला स्मार्टफोन कोणाचा, तो किती वाजता हाती येतो, रेंज कोणत्या कंपनीची आणि कुठे मिळते, रिचार्ज कोण भरते, वीज केव्हा जाते, हे विचारून लिहून घ्यावे. वडील फोन घेऊन सकाळी कामावर जात असतील, तर अकराचा तास त्या मुलीसाठी झालाच नाही, मग पॅक कितीही मोठा असो.

२. खरेदीआधी पाठ हलका करा. टॅबलेट वाटपाचे छायाचित्र चांगले येते. पण माझ्या मते खरी बचत इथे आहे. सेकंदाला १ मेगाबिट वेगाने चालणारा थेट व्हिडिओ तासाला सुमारे ४५० एमबी खातो, म्हणजे तीन तासांत रोजचा दीड जीबी जवळजवळ संपतो. तेच व्याख्यान सेकंदाला ६४ किलोबिट दराने ध्वनिमुद्रित केल्यास तासाची फाइल सुमारे २९ एमबीची होते, आणि सोबत लहान केलेली पीडीएफ टिपणे दिली की बहुतेक विषयांचे काम भागते. गणितासारख्या विषयात फळा दिसावाच लागतो. तिथे दहा-बारा मिनिटांचे तुकडे करावेत. आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ संगणकविषयक पाठ मराठीतही देते आणि ते उतरवून इंटरनेटशिवाय पाहता येतात. केंद्र सरकारच्या ‘स्वयंप्रभा’ या शैक्षणिक वाहिन्या डीडी फ्री डिशवर मासिक शुल्काविना दिसतात. रेंजच नसलेल्या गावी मेमरी कार्ड पाठवणे कमीपणाचे मानू नये.

३. उपकरणे ग्रंथालयातून द्या. लॅपटॉप आणि टॅबलेट यांना पुस्तकांप्रमाणे दाखल क्रमांक द्यावा, चार्जरची वेगळी नोंद करावी आणि सत्र संपेपर्यंत ते विद्यार्थ्याकडे राहू द्यावेत. अनामत रक्कम मागू नये, कारण ती भरू न शकणाराच खरा गरजू असतो. प्रयोगशाळेतील जुन्या संगणकांवर लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली घातली की टंकलेखनासाठी आणि वाचनासाठी ते पुरतात. हे काम ‘कमवा व शिका’ योजनेतील विद्यार्थ्यांना देता येईल. सिमकार्ड मात्र चौकशीतील रेंजची नोंद पाहूनच घ्यावे. एकाच कंपनीची घाऊक खरेदी केली, तर निम्मी सिमकार्डे कपाटात पडून राहण्याची शक्यता असते.

४. हजेरी आणि मुदतीचे नियम बदला. थेट तासाला उपस्थिती नोंदवण्याऐवजी आठवड्याचे छोटे उत्तर ग्राह्य धरावे, ते वहीत लिहून फोटो पाठवला तरी चालावे आणि मुदत किमान ४८ तासांची असावी.

अडचण सांगण्यासाठी एक साधा फोन क्रमांक ठरवून तो उचलणाऱ्याचे नाव व वेळ सर्वांना कळवावी. मिस्ड कॉल आला, तर उलट फोन महाविद्यालयाने करावा.