साधा स्प्लिट एसी अलेक्साला नाहीतर गुगलला कसा जोडायचा

परदेशातले व्हिडिओ बघून बरेच जण विचारतात की भिंतीवरचा तो गोल स्मार्ट थर्मोस्टॅट आपल्या घरी लावता येईल का. मुंबईतल्या नेहमीच्या फ्लॅटमध्ये तरी त्याचा काही उपयोग नाही. तो सगळ्या घराच्या सेंट्रल हीटिंग-कूलिंगसाठी असतो, त्याला २४ व्होल्टच्या वेगळ्या वायरी लागतात, आणि आपल्याकडे काय तर बेडरूमला एक स्प्लिट, फार तर हॉलला दुसरा, नाहीतर खिडकीत बसवलेला जुना विंडो. म्हणजे आपला थर्मोस्टॅट रिमोटमध्येच आहे, आणि अलेक्साला जोडायचं म्हणजे ते रिमोटचं काम तिच्याकडे द्यायचं.

आधी एसीलाच वाय-फाय आहे का बघून घ्या. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच इन्व्हर्टर एसींना असतं आणि लोकांनी ते कधी चालूच केलेलं नसतं. रिमोटवर वाय-फायचं चिन्ह असेल किंवा मॅन्युअलमध्ये ॲपचं नाव दिलं असेल तर नवीन काही विकत घेऊ नका, कंपनीचं ॲप टाका, एसी त्यात जोडा आणि खाली अलेक्साचं लिहिलंय तिथे सरळ उडी मारा. हा प्रकार सगळ्यात बरा, कारण अशा एसीकडून उलट उत्तर येतं, चालू आहे का, कितीवर आहे, सगळं ॲपमध्ये खरं दिसतं.

वाय-फाय नसेल तर स्मार्ट आयआर ब्लास्टर घ्यायचा. तळहातात मावेल एवढी काळी डबी असते, मोबाइलच्या साध्या चार्जरवर चालते, लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन कुठेही मिळते. ही डबी वाय-फायवरून हुकूम घेते आणि रिमोटसारखाच इन्फ्रारेड किरण एसीवर सोडते. भाड्याच्या घरात तर हाच उत्तम मार्ग, भिंतीला भोक नाही की मालकाची परवानगी नाही. तापमान मोजणारा सेन्सर असलेली मिळाली तर तीच घ्या. गोल खटका फिरवायच्या जुन्या विंडो एसीला मात्र ही चालणार नाही, त्याला रिमोटच नसतो. तिथे १६ अँपिअरचा स्मार्ट प्लग लावून नुसतं चालू-बंद करता येतं, पण १० अँपिअरवाला स्वस्त प्लग एसीला अजिबात लावू नका, आणि बंद केल्यावर परत चालू करायला किमान तीन मिनिटं जाऊ द्या, कॉम्प्रेसरला तेवढी उसंत लागते.

आता जोडणी. नव्वद टक्के लोक इथेच अडकतात आणि कारण जवळपास नेहमी एकच, या डब्या फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर चालतात. हल्लीचे फायबरचे राऊटर २.४ आणि ५ दोन्ही एकाच नावाने दाखवतात, मग फोन असतो ५ वर आणि डबी शोधत बसते. राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्हीला वेगळी नावं द्या, फोन २.४ वाल्यावर आणा, व्हीपीएन असेल तर बंद करा, ॲपला लोकेशनची परवानगी द्या. राऊटरमध्ये वाय-फायची सिक्युरिटी नुसती डब्ल्यूपीए३ ठेवली असेल तर डब्ल्यूपीए२ करा. मग डबीचं बटण पाचेक सेकंद दाबून धरा, लाइट भराभर लुकलुकायला लागला की ॲपमध्ये प्लस दाबून डिव्हाइस ॲड करा. ॲप कुठलं ते बॉक्सवर असतं, बऱ्याच डब्या स्मार्ट लाइफ नावाच्या ॲपवर चालतात.

डबी जोडली की तिच्या आत एसी ॲड करायचा. तिथे ब्रँडची यादी येते, आपला निवडला की ॲप एकेक कोड सोडून विचारतं, एसीने दाद दिली का? इथे कान एसीकडे ठेवा. हुकूम पोचला की एसी 'पीं' करतो, ते ऐकू आलं की चालू-बंद, तापमान, फॅन असं सगळं एकदा दाबून बघा आणि मगच सेव्ह करा, कारण पहिल्या कोडवर नुसतं चालू-बंद चालतं आणि तापमान चालत नाही असं पुष्कळदा होतं. ब्रँड सापडलाच नाही तर रिमोट डबीसमोर धरून एकेक बटण शिकवायचीही सोय असते, पण असा शिकवलेला रिमोट अलेक्साला सहसा एसी म्हणून दिसत नाही, त्याला सीनचा, म्हणजे ॲपमध्ये एका नावाखाली साठवलेल्या हुकुमांचा, उपाय आहे, तो खाली येतोय.

डबी ठेवायची जागा मात्र विचार करून ठरवा. इन्फ्रारेड भिंतीतून जात नाही, पडद्यातून नाही, कपाटाच्या दारातूनही नाही. एसीचं तोंड दिसेल अशी जागा हवी, टीव्ही युनिटचा वरचा भाग किंवा बेडसमोरचा शेल्फ. 'पीं' येत नसेल तर फोनचा पुढचा कॅमेरा चालू करून डबीकडे धरा आणि ॲपमधून हुकूम सोडा, डोळ्यांना न दिसणारा तो किरण बऱ्याच फोनच्या स्क्रीनवर जांभळट पांढरा चमकताना दिसतो. चमकला तर डबी ठीक आहे, जागा बदला. रिमोटचे सेल गेलेत की रिमोटच गेलाय, हेही असंच तपासता येतं.

अलेक्साच्या ॲपमध्ये मोअर, मग स्किल्स अँड गेम्स, तिथे डबीच्या ॲपचं नाव शोधून एनेबल करा, त्याच ॲपचा लॉगिन टाका, डिव्हाइस शोधू द्या. गुगलवाल्यांनी होम ॲपमध्ये प्लस दाबून वर्क्स विथ गुगल होममध्ये तेच नाव शोधायचं. पाच मिनिटांचं काम.

नाव ठेवताना नुसतं 'एसी' ठेवू नका, घरात दोन असले की गोंधळ होतो. बेडरूम एसी, हॉल एसी असं ठेवा आणि अलेक्साच्या स्पीकरला त्या त्या खोलीच्या ग्रुपमध्ये टाका. अलेक्साला इंग्लिश आणि हिंदी कळतं, मराठी घरात तिच्याशी हिंदी बोलायचं म्हणजे आजीला आधी जरा विचित्र वाटतं, पण 'अलेक्सा, बेडरूम एसी पच्चीस पे कर दो' हे दोन दिवसांत तोंडात बसतं. उत्तर फॅरेनहाइटमध्ये यायला लागलं तर ॲपमध्ये त्या स्पीकरच्या सेटिंगमध्ये जाऊन सेल्सिअस करा.

आता मुख्य गोष्ट, जी बॉक्सवर कोणी लिहीत नाही. डबी बोलते, पण तिला ऐकू येत नाही. म्हणजे तुम्ही अलेक्साकडून एसी चालू केला आणि नंतर सासऱ्यांनी उठून नेहमीच्या रिमोटने बंद केला, तर ॲप अजून चालूच दाखवणार आणि अलेक्सा पण छातीठोकपणे चालू आहे म्हणून सांगणार. लाइट जाऊन आली तरी तेच. काही एसींना चालू आणि बंद दोन्हीला एकच कोड असतो, तिथे तर बंद करायला गेलात की बंद असलेला एसी चालू होतो. म्हणून घराबाहेरून एसी बंद केलात तर ॲपमधल्या चिन्हावर भरवसा ठेवू नका, सेन्सर असेल तर पंधरावीस मिनिटांनी खोलीचं तापमान बघा, हळूहळू चढत असेल तर खरंच बंद झालाय. सेन्सरवाली डबी घ्या म्हटलं ते यासाठीच.

आता सीन. मुंबईत उकाड्यापेक्षा दमटपणा जास्त छळतो आणि जुलैमध्ये कूलपेक्षा ड्राय मोड बरा पडतो, पण तोंडी सांगून ड्राय मोड लावायला अलेक्सा बऱ्याचदा नकार देते. मग डबीच्या ॲपमध्ये सीन बनवा, ड्राय मोड, फॅन कमी, नाव रेन मोड, आणि अलेक्साला परत डिव्हाइस शोधायला लावा. 'अलेक्सा, टर्न ऑन रेन मोड' म्हटलं की झालं. वर सांगितलेला शिकवलेला रिमोट पण असाच वापरायचा, एकेका बटणाचा एकेक सीन.

रुटीन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप सुटणारे हुकूम, मात्र जरूर लावा. रात्री अकराला २४, दोनला २६, पहाटे पाचला बंद. २०२० पासून आपल्याकडच्या स्टार रेटिंगवाल्या नव्या एसींचं सुरुवातीचं तापमान २४ ठेवायचा नियम आहे आणि ऊर्जा दक्षता ब्युरोच्या म्हणण्याप्रमाणे एकेक डिग्री वाढवली की साधारण सहा टक्के वीज वाचते. बिल बेस्टचं येवो नाहीतर अदानीचं, दर स्लॅबने चढतो, त्यामुळे मे महिन्यात ३०० युनिटच्या वर गेलात की पुढचं प्रत्येक युनिट महाग, आणि झोपेत उठून कोण रिमोट शोधतंय. ठाण्याला गाडीत बसल्यावर फोनवरून घरचा एसी लावायची हौस मात्र आवरा, मध्येच सिग्नलला गाडी थांबली की तो अर्धा तास रिकामी खोली गार करत बसतो.

घरात लहान मुलं असतील तर त्यांना एसी सोळावर नेण्याचा शोध पहिल्याच दिवशी लागतो, त्यावर उपाय म्हणजे स्पीकरचा माइक बंद करायचं बटण, दुसरा मला तरी सापडलेला नाही. डबीच्या ॲपचा पासवर्ड वेगळा ठेवा. घर सोडताना किंवा डबी कोणाला देताना ॲपमधून ती काढून टाका, अलेक्सातलं स्किल डिसेबल करा, नाहीतर पुढच्या माणसाला ती स्वतःच्या अकाउंटला जोडताना अडचण येऊ शकते. आणि मूळ रिमोट सेलसकट एसीखालच्या खुंटीलाच राहू द्या, नेट गेलं की तोच लागतो.