ब्रह्मकमळाला कळ्या येत नाहीत? आधी कुंडीतली काळी माती काढा

आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ना, ते खरं तर कॅक्टस आहे, एपिफायलम ऑक्सिपेटलम, मूळचं मेक्सिको-ग्वाटेमालाकडच्या जंगलातलं (हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळंच झाड). तिथे हे मोठ्या झाडांच्या बेचक्यात साचलेल्या पाल्यापाचोळ्यात वाढतं, म्हणजे मुळांना ओलावा पाहिजे पण हवाही तेवढीच पाहिजे, आणि इथेच आपलं इंदूरवाल्यांचं चुकतं, कारण माळव्याची काळी माती पाणी धरून बसते, पावसाळ्यात मुळं कुजतात, पानं लोळतात, आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं आणि आपण अजून घालतो. माझी पहिली दोन झाडं अशीच गेली, खूप वाईट वाटलं होतं.

आता मी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), जुनं शेणखत आणि विटांचे बारीक तुकडे-कोळसा असं समान भागात घेते. कुंडी आठ इंची पुरे, मुळं थोडी दाटली की कळ्या चांगल्या धरतात. वरची दोन बोटं माती सुकली की मगच पाणी.

कटिंग लावायचं तर सहा-आठ इंचाचा तुकडा घ्या, आठवडाभर सावलीत ठेवून कापलेली बाजू सुकू द्या, मग दीड-दोन इंच खोल खोचा. फूल यायला दोन-तीन वर्षं लागतात, धीर धरा.

आणि प्लीज, जुनी लांबलचक पानं कापू नका! ती पानं नाहीतच, चपटं खोड आहे, आणि कळी त्याच्या कडेच्या खाचेतूनच येते, तीही जुन्या पक्क्या खोडावर.

सकाळचं कोवळं ऊन दोन तास द्या, मे महिन्यात ग्रीन नेटखाली किंवा आंब्याच्या सावलीत ठेवा. डिसेंबर-जानेवारीत पाणी कमी, खत बंद, थंडी लागू द्या, तो आराम झाडाला लागतो. मग रंगपंचमीची गेर (आपली रंगांची मिरवणूक) झाली की दर पंधरा दिवसांनी फुलं येण्यासाठीचं खत, अर्ध्या प्रमाणात. युरिया नको, नुसती पानंच सुटतात. कापसासारखी पांढरी कीड दिसली तर कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात घालून फवारा.



ब्रह्मकमळाला कळी दिसली की कुंडी हलवू नका, फिरवू पण नका, कळ्या गळतात. साधारण तीन-चार आठवडे कळी खाली लोंबत वाढते आणि मग एक दिवस मान वर वळवून टम्म फुगते. त्याच रात्री आठ-नऊला उमलायला लागतं, बारापर्यंत पूर्ण फुलतं, सगळं अंगण घमघमतं आणि उजाडेपर्यंत मिटतं, त्यामुळे शेजारच्या काकूंना संध्याकाळीच सांगून ठेवा.