डेस्कटॉपचे आयकॉन पांढरे पडले तर

ठाण्यात कोर्टनाक्याजवळच्या टायपिंगच्या दुकानांत दिवसभर पेनड्राइव्ह लावले-काढले जातात. तिथल्या पीसीवर आयकॉनच्या जागी कोरा पांढरा कागद दिसला की 'फॉरमॅट मारा' सांगणारा हमखास भेटतो. त्याचं ऐकू नका. आधी बघा, एकच आयकॉन बिघडलाय की बरेच.

एकच असेल तर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधली टार्गेटची ओळ वाचा. मूळ प्रोग्राम काढून टाकलेला असतो, नाहीतर शॉर्टकट पेनड्राइव्हवरच्या फाइलचा असतो. काल ड्राइव्हला ई अक्षर मिळालं, आज एफ, मग शॉर्टकटला फाइल सापडणार कुठून? फाइल डी ड्राइव्हवर घ्या आणि शॉर्टकट नव्याने बनवा. टार्गेट बरोबर असून चित्रच चुकलं असेल तर तिथलंच चेंज आयकॉनचं बटण पुरतं.

बरेच आयकॉन पांढरे किंवा भलतेच दिसत असतील तर संशय आयकॉन कॅशेवर. विंडोज ही चित्रं दर वेळी शोधत बसत नाही, साठवून ठेवते. लाइट जाऊन पीसी धाडकन बंद झाला की तो साठा बिघडू शकतो. आधी साधं रीस्टार्ट करून बघा. तेवढ्याने भागलं नाही तर विंडोज १० आणि ११ वर असं करा:

विंडोज आणि आर दाबून रन उघडा. परसेंटचं चिन्ह, लोकलॲपडेटा एकसलग, पुन्हा परसेंट असं इंग्रजीत टाइप करून एंटर. पुढे मायक्रोसॉफ्ट, विंडोज, एक्सप्लोरर या फोल्डरांत जा. वरच्या ॲड्रेस बारमध्ये सीएमडी लिहून एंटर केलं की काळी खिडकी उघडते. आता कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजरमध्ये विंडोज एक्सप्लोररवर राइट क्लिक, एंड टास्क. टास्कबार गायब होईल, घाबरू नका. एक्सप्लोरर चालू असताना या फाइली डिलीट होत नाहीत, म्हणून हा खटाटोप. काळ्या खिडकीत इंग्रजीत डी-ई-एल, एक स्पेस, आयकॉनकॅशे (iconcache) जोडून आणि त्याला चिकटून स्टार (*). एंटर. मग तिथेच एक्सप्लोरर लिहून एंटर. कॅशे नव्याने तयार होतो. तुमच्या फाइलींना धक्का लागत नाही.

सगळेच शॉर्टकट एकाच प्रोग्रामचं चित्र दाखवत असतील आणि कशावरही क्लिक केलं तरी तोच उघडत असेल, तर कॅशे पुसून उपयोग नाही. कुणीतरी 'ओपन विथ' करताना 'ऑलवेज' दाबलेलं असतं. ते रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदींतून सुधारावं लागतं; सवय नसेल तर जाणकाराकडूनच करून घ्या.

पेनड्राइव्हमधले फोल्डरच शॉर्टकट झालेले दिसले तर मात्र तो व्हायरस समजा. क्लिक न करता आधी स्कॅन.